आकडा आधी गावात सांग

तू सार्वजनिक आरोग्यात जायचं ठरवलंस हे कळल्यावर दादाने मला फोन केला. प्रश्न एकच : "म्हणजे ती डॉक्टर होणार की नाही?" मी म्हटलं, नाही. "मग संख्याशास्त्र शिकून दवाखान्यात काय करणार?" याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं. त्याला वाचायला दे किंवा देऊ नकोस, पण लग्नाकार्यात हा प्रश्न तुला जन्मभर विचारला जाणार आहे. तेव्हा एका वाक्याचं उत्तर आत्ताच पाठ करून ठेव. मी सांगायचे, "गावात कोण कशाने आजारी पडतं ते मोजते आणि ज्यांनी ऐकायला हवं त्यांना ऐकवते."

हल्ली मोजणाऱ्यांची आणि ऐकवणाऱ्यांची खाती वेगळी झाली आहेत. शहरातल्या कार्यालयात एक जण विश्लेषण करतो, दुसरा 'ॲडव्होकसी' बघतो आणि तिसरीच कुणीतरी कंत्राटी मुलगी उन्हातान्हात फॉर्म भरत फिरते. तू तिन्ही कामं कर, निदान पहिली काही वर्षं तरी. जिने फॉर्म भरलेला नाही तिला आकड्यावर भांडता येत नाही, आणि जिला भांडता येत नाही तिचे आकडे कपाटात राहतात.

पदवीचं आधी उरकून टाकू. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन सेंटर आहे, चेन्नईला आयसीएमआरची रोगपरिस्थितीविज्ञानाची संस्था आहे, पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यशास्त्राचा विभाग आहे. लोकसंख्याशास्त्राकडे ओढा असेल तर देवनारची आयआयपीएस. एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र अशी सगळीकडची मुलं असतात, त्यामुळे एमबीबीएस नसल्याचा न्यूनगंड घेऊन जाऊ नकोस. प्रवेश घेण्याआधी मागच्या तुकडीतल्या कुणाला तरी फोन करून एवढंच विचार : दोन वर्षांत गावात किती दिवस राहिलीस? उत्तर देताना ती अडखळली तर दुसरीकडे अर्ज कर. बाकी अभ्यासक्रम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच.

पहिल्या नोकरीतही हाच प्रश्न. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहायला सांगणारी नोकरी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घे. पुण्याहून सकाळी जीप करून जायचं, अकरा वाजता गावात पोहोचायचं आणि चारला परतायचं, असं जे फील्डवर्क चालतं त्यात भेटतात कोण? म्हातारी माणसं आणि कुलपं. अकरा ते चार माणूस शेतात असतो. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी चूल पेटायच्या सुमारास गेलीस तर घर भेटतं. मुक्कामाची एसटी कुठली, ती चुकली तर कोणाच्या ओसरीवर झोपता येईल, गावात बाईमाणसाला जाता येईल असा संडास कोणाकडे आहे, ही माहिती पहिल्या आठवड्यात गोळा कर. कुठल्याही पुस्तकात ती मिळायची नाही.

आणि गावात सगळ्यात आधी आशाताईच्या घरी जा. २००५ नंतर गावोगाव आशा आरोग्य कार्यकर्त्या आल्या. साधारण हजार वस्तीला एक. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण माहेरी गेलीय, कोणाचं बाळ अंगावर पीत नाही, हे तिला तोंडपाठ असतं. पण ती पगारी नोकर नाही, मानधनावर काम करते, आणि तिच्याकडे येणारा प्रत्येक जण तिला आणखी एक फॉर्म देऊन जातो. तुझ्या अभ्यासासाठी ती दिवसभर हिंडणार असेल तर तिच्या दिवसाचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिही, 'किरकोळ'मध्ये नको. अहवालात तिचे आभार मानले जातात आणि हातावर काही टेकवलं जात नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आभाराचं पान उघडायलाच नको वाटतं.

आता मोजण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझं शिक्षण आकडा आल्यानंतर सुरू झालं. तो येतो कुठून, हे तुला अजून पाहायचंय.

बाळाचा मृत्यू घे. घरी जायचं ते सुतक फिटल्यावर, आणि शक्यतो दुपारी, सासरा नि दीर घरात नसताना. वही लगेच काढायची नाही. आई बोलायला तयार नसेल तर आजीशी बोल, आणि तीही नसेल तर उठून ये. पुन्हा जाता येतं. बोलणं सुरू झालं की ती बहुतेक वेळा म्हणेल, "मेलेलंच झालं." इथे थांबायचं. लगेच 'उपजत मृत्यू'वर खूण करू नकोस. हळू विचार : जन्मल्यावर रडलं होतं का, अगदी बारीक आवाजात तरी? हात-पाय हलवले होते? छाती वर-खाली होत होती? तोंडात काही घातलं होतं का, मध, गूळपाणी? कितीदा तरी असं निघतं की बाळ दोन वेळा कण्हलं होतं, आजीने बोटाने मध चाटवला होता, आणि तासाभराने ते गेलं. ते बाळ जिवंत जन्मलं होतं. 'उपजत' लिहिलं की ते अर्भकमृत्यूच्या हिशोबातून बाहेर जातं, आणि मग त्याला श्वास द्यायला तिथे कोणी का नव्हतं, हा प्रश्नच उरत नाही. एका खुणेने एवढं होतं.

हे मुद्दाम होतं असं समजू नकोस. कधी होतं, नाही असं नाही. ज्या उपकेंद्रात मृत्यू दिसला की नर्सताईला नोटीस येते, तिथे मृत्यू दिसेनासे होतात. पण जास्त वेळा घाई असते आणि विचारलंच गेलेलं नसतं. दुसरी गळती माहेरची. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. बाळ तिथे जन्मतं आणि तिथेच जातं. सासरच्या रजिस्टरात 'माहेरी गेली' एवढीच नोंद, माहेरच्या रजिस्टरात ती बाई 'बाहेरची'. म्हणून प्रत्येक घरात दोन्ही प्रश्न विचारायचे : या घरातून बाळंतपणाला कोण गेली, आणि या घरी बाळंतपणाला कोण आली. तिसरी गळती स्थलांतराची. दिवाळीनंतर बीड, जालना, नगरकडच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, मेळघाट-नंदुरबारकडची माणसं कुठे वीटभट्टीवर, कुठे गुजरातेत. जानेवारीत सर्वेक्षण केलंस तर तुला फक्त गावात राहणं परवडणाऱ्यांचं आरोग्य कळेल.

वय विचारायचं तर गावाची दिनदर्शिका आधी बनवून घे. "पोळ्याच्या आधी की नंतर? पेरणी झाली होती का? जत्रेत नेलं होतं का कडेवर?" असं करत करत महिन्यावर येता येतं. महिना चुकला तर कुपोषणाची श्रेणी चुकते. दंडघेराची पट्टी त्यामानाने सोपी वाटते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. पण डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात खाली सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही, एवढं सगळं रडणाऱ्या पोरावर जमवायला सराव लागतो. वजनकाट्याला झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, गुडघे हलकेच दाबून. पहिल्या दिवशी एकच मूल तू आणि तुझी सहकारी, दोघींनी वेगवेगळं मोजा आणि आकडे ताडून बघा. जुळेपर्यंत गावात पाऊल टाकू नका.

एका तालुक्यात आम्ही बालमृत्यूंची यादी घेऊन गेलो तेव्हा तिथले साहेब ऐकायलाच तयार नव्हते. "तुमचे आकडे बोगस आहेत," हे त्यांचं पहिलं वाक्य. अशा वेळी आवाज चढवायचा नसतो, खुर्ची पुढे ओढायची असते. मी म्हटलं, "सर, तुमचं रजिस्टर मागवा, नावागणिक ताडून बघू." दुपार गेली त्यात. गाव, आईचं नाव, बाळंतपणाची तारीख. आमच्या यादीतली काही नावं त्यांच्याकडे 'उपजत'मध्ये निघाली, काही माहेरच्या फटीत पडलेली, आणि त्यांच्याकडे होती पण आमच्याकडे नव्हती अशीही निघाली. ती आम्ही तिथेच लिहून घेतली. त्यानंतर साहेब आमचे मित्र झाले असं मुळीच नाही. पण पुढच्या मासिक सभेत त्यांनी नर्सताईंना सांगितलं की उपजत लिहिण्याआधी बाळ रडलं होतं का ते विचारत जा. आमच्या अहवालातल्या शिफारशींच्या अख्ख्या प्रकरणातून एवढं काम झालं नसतं.

अधिकाऱ्यांशी बोलायचं तर त्यांचे आकडे तुला त्यांच्याइतकेच यायला हवेत. महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर नमुना नोंदणी योजनेत, म्हणजे एसआरएसमध्ये, २०२० साली हजारी १६ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तोच साधारण २३ दिसतो. पत्रकार लगेच विचारतात, सरकार खोटं बोलतंय का? तसं नसतं. एसआरएसमध्ये ठरलेल्या नमुना-गावांत गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत असतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्र फेरी करतो आणि दोन्ही याद्या जुळवतात. कुटुंब सर्वेक्षणात आईला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारतात आणि दर निघतो तो मागच्या पाच वर्षांचा. दर घसरत असेल तर पाच वर्षांचा आकडा चालू वर्षाच्या आकड्यापेक्षा मोठाच यायचा. शिवाय नमुन्याची चूक दोन्हीकडे. तिसरा आकडा आरोग्य विभागाच्या संगणकातला, तो फक्त कळवलेल्या घटनांचा. कुठला आकडा कशासाठी वापरायचा हे ज्याला कळतं त्याला सभेत बोलू देतात. सोयीचा तेवढा उचलणाऱ्याला एकदा बोलू देतात, पुन्हा बोलावत नाहीत.

संमतीपत्राबद्दल. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाच, नैतिकता समितीची परवानगी हातात आल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नकोस, हे तर आहेच. अंगठ्याच्या ठशाशेजारी साक्षीदार हवा आणि तो तुझ्या संस्थेचा नको. पण कागद झाला म्हणजे परवानगी मिळाली, या भ्रमात राहू नकोस. पुण्यातला १८९७चा प्लेग आठव. तेव्हा रोगाला तोंड द्यायचे सगळे उपाय सरकारकडे होते : घरं तपासणं, रोगी वेगळे काढणं, घरं धुऊन काढणं, मुंबईत हाफकिनने लससुद्धा तयार केली होती आणि जानेवारीत स्वतःला टोचून पाहिली होती. पण प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर माजघरापर्यंत घुसले, आणि माणसं रोगापेक्षा तपासणीला भ्यायला लागली. रोगी लपवले जाऊ लागले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच शहराच्या वेशीवर सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी मुलाच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या आणि त्यातच गेल्या. साथ एकच, शहर एकच. तू उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी राहतेस की थेट आत डोकावतेस, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. करोनाच्या वेळी गावाच्या वेशीवर आरोग्यपथकं अडवली गेली तेव्हा आमच्या पिढीतल्या कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

भाषा शीक. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारला पावरी-भिली. सगळी नाही येणार, पण पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, मूल होत नाही, एवढं तिच्या भाषेत कळलं पाहिजे. दुभाषा म्हणून नवऱ्याला बसवलंस तर त्या मुलाखतीचा कागद फाडून टाकलास तरी चालेल.

विषय निवडताना स्वतःच्या कुतूहलावर फार भरवसा ठेवू नकोस. राणी आणि अभय बंग १९८६ साली गडचिरोलीला गेले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला, आजार भरपूर सापडला, सरकारनेही दखल घेतली. पण लोकांच्या लेखी तो काही पहिला प्रश्न नव्हता, हे डॉ. अभय बंग यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. बायकांशी बोलल्यावर निघालं ते वेगळंच. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी, असाच हिशोब होता. दवाखान्यात आलेल्यांनाच मोजलं तर न येणाऱ्यांचं दुखणं अस्तित्वातच नसतं.

त्यांचंच दुसरं उदाहरण तुझ्या सहनशक्तीसाठी देते. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बाईला शिकवायचं, या कामाची पायाभूत मोजणी १९९३ला सुरू झाली. ३९ गावांत उपाय, ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. शोधनिबंध १९९९ला छापून आला. आज आशाताई बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी घरी जाऊन वजन करते, अंग गरम आहे का बघते, त्या देशभरच्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या २०११ला. पहिल्या मोजणीपासून अठरा वर्षं. तुझा प्रकल्प दोन वर्षांचा असेल, फार तर तीन. म्हणून प्रकल्प बदलले तरी विषय आणि शक्यतो जिल्हा बदलू नकोस. संस्था बदल, पद बदल, पण नंदुरबारची असशील तर नंदुरबारचीच राहा. दहा वर्षांनी त्या जिल्ह्यात काहीही घडलं की फोन तुला येतो. लोकांचाही आणि कलेक्टरचाही.

आता ऐकवण्याकडे वळू. माझा एकच हट्ट आहे आणि त्यावरून माझं बऱ्याच वरिष्ठांशी वाजलं आहे : आकडा सगळ्यात आधी ज्या गावाने दिला त्या गावात सांगायचा. पॅरिसच्या परिषदेत नंतर, मंत्रालयात नंतर, वर्तमानपत्रात तर त्याहून नंतर. आपण लोकांच्या घरात जाऊन त्यांचं दुःख लिहून आणतो आणि ते त्यांना कळतं पेपरात, तेही "मागास भागातील भीषण वास्तव" अशा मथळ्याखाली. दुसऱ्या वेळी दार का उघडावं त्यांनी?

सांगायचं कसं, तेही ऐक. रात्रीची जेवणं झाल्यावर बैठक घे. 'दर हजारी' वगैरे नको. वर्षाला बारा बाळंतपणं होणाऱ्या गावाला हजाराचं काय कळणार? "मागच्या होळीपासून इतकी बाळं झाली, त्यातली इतकी गेली, पहिल्याच आठवड्यात." पण लहान गावात आकडा सांगितला की घर कळतं, म्हणून अशा वेळी चार-पाच पाड्यांचं मिळून एकत्र सांगायचं. बायकांच्या दुखण्याची बैठक निराळी, पुरुषांना न बोलावता. एचआयव्ही आणि गर्भपाताचे आकडे गावपातळीवर सांगायचेच नाहीत. आणि गाव काय म्हणतं ते लिहून घे. कुणीतरी मागून बोलते, "दोन नाही, तीन गेली, तिसरं हिच्या बहिणीचं." अशा दुरुस्तीनंतर तो आकडा गावाचा होतो. पुढे कोणी खोटा म्हटलं तर भांडायला तू एकटी नसतेस.

हे मी हवेत सांगत नाही. २००७पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत. गावकऱ्यांनीच आपल्या उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवं-पिवळं-लाल, आणि मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर मांडायचं. अशा जनसुनवाईत भाषण करणाऱ्या कार्यकर्त्याला अधिकारी सहज गुंडाळतात. पण एखादी बाई उभी राहून म्हणते, "अमक्या तारखेला मी लेकीला घेऊन आले, कुलूप होतं, ही बघा रिक्षाची पावती," तेव्हा सभेत शांतता पसरते. तेव्हा तुझं काम व्यासपीठावर नाही, आदल्या रात्री आहे. तारखा लिहून काढणं, पावत्या-केसपेपर एका पिशवीत घालणं, कोण बोलणार आणि बोलल्यावर तिला उद्या त्रास तर होणार नाही ना, ते बघणं. मागणीही अशी हवी की समोरच्या माणसाच्या अधिकारात बसेल. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे डॉक्टरची नवी पदं मागून उपयोग काय? रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बाळंतपणाच्या खोलीला दिवा आणि पाण्याची टाकी माग; ते तो देऊ शकतो. पदांसाठी वर जायचं.

वर जाण्याच्याही रीती आहेत. कुठल्याही कार्यालयात पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं समज. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, म्हणून तीन प्रश्न असतील तर तीन अर्ज. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असतं. स्थानिक आमदाराकडे बऱ्याच आधी जा, एका पानाचं टिपण घेऊन. एका पानाचंच. वर प्रश्न, मध्ये तीन आकडे, खाली एक मागणी. विरोधी पक्षाच्या आमदारालाही दे आणि सत्ताधाऱ्यालाही. कोणा एकाच्या गोटात बसलीस तर सरकार बदललं की तुझा आकडाही बदलला असं समजतात.

बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण तुला माहीत असेल. गर्भाशय काढलेल्या बायकांबद्दल संघटना आणि पत्रकार बोलत होते, ते अतिरंजित म्हणून सोडून देणारेही होते. २०१९ला सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पण नुसत्या आकड्यावर थांबलं असतं तर दोष सगळा बायकांच्या अज्ञानावर गेला असता. कोयत्याची उचल घेतलेली, एक खाडा पडला की पैसे कापणार, फडात ना पाणी ना आडोसा, अंगावरून जायचं थांबत नाही, आणि गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातलेली, ही साखळी ज्यांनी बायकांच्या तोंडून ऐकली होती त्यांच्यामुळे प्रश्न कामाच्या अटींपर्यंत गेला. मोजणारी आणि ऐकणारी एकच असावी म्हणते, ते यासाठी.

मराठीत लिही, हेही सांगून ठेवते. इंग्रजी शोधनिबंध लागतातच, त्यावर नोकरी नि बढती अवलंबून आहे. सुरू करण्याआधीच लेखकांच्या यादीत कोण, कितव्या क्रमांकावर, हे लेखी ठरवून घे. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नकोस. पण नर्सताई, सरपंच आणि तहसीलदार इंग्रजी निबंध वाचणार नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्राध्यापकी गेली, खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तरी 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७पासून १९५३मध्ये जाईपर्यंत चालवलं. तोट्यात. मराठीत. लोकांना कळेल अशा भाषेत रोगाबद्दल आणि शरीराबद्दल लिहिणं हा आपल्याकडे जुना धंदा आहे, फायद्याचा नसला तरी.

पैशाचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात गेलीस तर अकरा महिन्यांचा करार, मग एक खंड, मग पुन्हा अकरा महिने. संस्थेत गेलीस तर पगार कोणत्या देणगीदाराकडून येतो आणि ती देणगी कधी संपते, हे रुजू होण्याआधी विचार. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२०ला बदल झाल्यापासून मोठी संस्था आपल्याला आलेला निधी छोटीला पुढे देऊ शकत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. तालुक्यातल्या चांगल्या लहान संस्था त्यात अडचणीत आल्या. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असू दे, आणि स्वतःचा आरोग्य विमा काढ. आरोग्यात काम करणारी निम्मी माणसं विम्याशिवाय फिरतात, हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.

बाळांच्या मृत्यूंच्या मुलाखती सलग करू नकोस. मध्ये एखादा दिवस पाण्याचे नमुने घे, रजिस्टरं ताड, काहीही कर. रात्री झोप उडायला लागली तर लगेच सांग, वरिष्ठाला नाही तर मला. याला कुणी कमकुवतपणा म्हटलं तर त्या माणसाने स्वतः अशा किती मुलाखती घेतल्यात, एवढं विचारून बघ.

आणि प्रश्नावली. तुम्हा लोकांना मोबाइलवर फॉर्म बनवता येतो म्हणून तो लांबतच जातो. कागद होता तेव्हा निदान वजन तरी कळायचं. दिवाळीला येशील तेव्हा तुझी पहिली प्रश्नावली घेऊन ये. वहिनीला स्वयंपाकघरात गाठू आणि पहिल्यापासून विचारू. ज्या प्रश्नाला ती "अगं, हे कशाला हवंय तुला?" म्हणेल त्याच्यापुढे खूण कर, आणि ज्या प्रश्नाला उठून कुकर लावायला जाईल तिथून पुढचं सगळं काढून टाक.